चौथं अक्षर

काठमांडूच्या या अनाथांच्या शाळेत थोडे दिवस पाहुणी म्हणून शिकवायला आलेय. आज एका मुलीची वही तपासायला घेतली आणि तिथंच अडकले. मागं उलटत गेले तर 'पार्ट्स ऑफ द बॉडी'. थोडी पानं सोडून पुन्हा तेच, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. मग तिसऱ्या. एकीचं अक्षर टपोरं, एकाचं तिरकं आणि तारखेत महिना आधी. वजाबाकीच्या पानावर चौथं अक्षर, ते माझं.

नाक-कान-डोळे तिला तिन्ही वेळा आले, तिन्ही वेळा 'व्हेरी गुड' मिळालं. दर वेळी पहिल्यांदाच शिकतोय असं दाखवून तिनं लिहिलं असणार. आलेल्या पाहुण्याचं मन मोडू नये, एवढं इथल्या पोरांना कळतं. पहिल्याच दिवशी विचारतात, 'मिस, कहिले जाने?' कधी जाणार? रडवेलं नाही, रागानं नाही. शेवटची एसटी कितीची, असं विचारावं तसं.

लागलं मला ते. साठवलेली रजा घालवून, घरचे टोमणे ऐकून काठमांडूपर्यंत यायचं, आणि रांगेत नंबर कितवा, तर चौथा.

बरं, एवढ्या व्हेरी गुडमध्ये वजाबाकी तशीच राहिलीय. ४००३ − १७६८, उत्तर लिहिलंय ३७६५. हे वेडंवाकडं उत्तर नाही, तिचा नियम ठाम आहे: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, वर कोण खाली कोण बघायचं नाही. पाहुणा येतो, काड्यांचे गठ्ठे काढतो, ४२ − १७ करून घेतो. ते जमतं, टाळ्या होतात, दोन आठवडे संपतात. शेजारच्या घरात शून्य असेल तर हातचा आणायचा कुठून, इथवर कुणी पोचतच नाही. पुढचा येतो तो पुन्हा काड्यांपासून.

यावर कागदी नोटा बऱ्या. हजाराच्या ४, शंभराच्या आणि दहाच्या दहा-दहा, एकाच्या १३, एवढ्या पुरतात. तिच्या हातात ४००३ ठेवायचे, १७६८ मागायचे. सुट्टे नाहीत. मग एक हजार मोडायचा, त्यातला एक शंभर मोडायचा, त्यातलं एक दहा. राहतात ३ हजार, ९ शंभर, ९ दहा, १३ एक. आता देता येतात, उरतात २२३५. प्रत्येक मोडीनंतर सगळे मिळून ४००३च भरतात का, हे मोजून घ्यायचंच. ते गाळलं की पोरं दोन्ही शून्यांच्या डोक्यावर १० लिहून मोकळी होतात आणि उत्तर येतं २३४५. बरोबर ११० जास्त, कारण मोडलेला शंभर आणि मोडलेलं दहा परत जागेवरच मोजलेलं असतं.

गणिताच्या मिसना हे सगळं ठाऊक आहे. पण पाहुणा आला की तास त्याच्या हवाली करायचा, असा इथला शिरस्ता. खरं तर उलट हवं. तास मिसनी घ्यावा, आलेल्यानं मागं बसून नोटा कापाव्यात, वह्या तपासाव्यात, अडलेल्या दोघा-तिघांपाशी बसावं. मिस पुढच्या वर्षीही इथंच असणार आहेत.

वॉर्डन दिदींनी दसैंच्या, म्हणजे इथल्या दसऱ्याच्या, सुट्टीत घरी जाणाऱ्यांची यादी लावलीय. अनाथांच्या शाळेत एवढी लांब यादी. माओवादी युद्धाच्या काळात, १९९६ ते २००६, हुम्लासारख्या डोंगरी जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाच्या नावावर पोरं आणली आणि कागदोपत्री अनाथ केली, हे वाचलं होतं. बालगृहं बहुतेक काठमांडू, पोखरा, चितवन अशीच, जिथं आमच्यासारखे उतरतात तिथं. यादीत तिचंही नाव आहे. म्हणजे आम्ही येतो म्हणून... जाऊ दे. आज नको.

चौथं तर चौथं. पाचवा येणारच आहे. त्यानं नाकापासून सुरुवात केली नाही म्हणजे मिळवली. एक जाड वही आणलीय. प्रत्येक मुलाला एक पान, चार रकाने: तारीख, पुस्तकाचं पान, स्वतःहून काय केलं, कुठं अडलं. शेवटच्या रकान्यात मुलाचं चुकलेलं गणित जसंच्या तसं उतरवायचं, 'वजाबाकी कच्ची' असं मोघम लिहायचं नाही. ३७६५ आणि २३४५ ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधही वेगळं. तारीख विक्रम संवतातली, कारण मिस तीच वापरतात. 'लाजाळू', 'गोड' वगैरे बंद.

वही मिसच्या कपाटात राहील, ऑफिसात नाही. ऑफिसात पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही आहे आणि तिच्यात सगळीच मुलं 'सो स्वीट' आहेत.