सेव्हिया ते सान्तियागो: रोमन रस्त्यावरची वारी

स्पेनच्या वायव्येला असलेल्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या वारीला निघणारे बहुतेक जण फ्रान्सच्या सीमेकडून येणारी गजबजलेली वाट धरतात. आम्ही दक्षिणेची धरली: सेव्हियापासून जवळपास हजार किलोमीटरची व्हिया दे ला प्लाता. वाटेवरच्या मेरिदा शहरापासून पुढे ही वाट कधी रोमन रस्त्याच्या कडेने, तर कधी थेट त्याच्यावरून जाते. पंढरीच्या वाटेवर पाणी, जेवण, तंबू सगळं दिंडी बघते. इथे दोन गावांच्या मध्ये तासन्‌तास माणूस दिसत नाही, तेव्हा मुक्कामाचं गणित आधीच मांडायचं.

पहिल्याच दिवशी सांतिपोन्से गावात इटालिका लागतं. इ.स.पू. 206 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने वसवलेलं हे नगर, सम्राट ट्रेजनचं गाव. अँफिथिएटर 25,000 माणसांचं. पण पाठीवर पिशवी आणि पुढे गियेनापर्यंत आणखी बारा-तेरा किलोमीटर, अशा अवस्थेत ते नीट बघून होत नाही. आदल्या दिवशी सेव्हियातून बसने येऊन बघावं. सोमवारी बंद असतं.

मेरिदाच्या आधीचा व्हियाफ्रांका ते तोर्रेमेखिया हा 27 किलोमीटरचा टप्पा द्राक्षमळ्यांतून सरळ जातो. ना सावली, ना गाव. माणशी तीन लिटर पाणी हवंच. पाऊस झाला तर लाल चिकणमाती बुटाला थरावर थर चिकटते आणि वेग निम्म्यावर येतो. त्या दिवशी डांबरी रस्ता बरा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, एवढाच काळ आम्ही सुचवू.

मेरिदात शिरायचं ते गुआदियाना नदीवरच्या रोमन पुलावरून. लांबी सुमारे 790 मीटर, कमानी 60, वाहनांना बंदी. इ.स.पू. 25 मध्ये ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी हे नगर वसवलं. पुढे ते लुसितानिया प्रांताची राजधानी झालं. इथल्या रोमन नाट्यगृहाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यावर वेगळं काय सांगायचं? एक पूर्ण दिवस ठेवा, एकत्रित तिकीट घ्या आणि वास्तुविशारद राफाएल मोनेओने बांधलेलं रोमन कलेचं संग्रहालय चुकवू नका.

खरी मजा दुसऱ्या दिवशी, शहर सोडताना. वाट लोस मिलाग्रोस जलसेतूजवळून जाते. ग्रॅनाइट आणि विटांच्या पट्ट्यांचे, पंचवीसेक मीटर उंच खांब अजून उभे आहेत. त्यातून वाहणारं पाणी ज्या जलाशयातून यायचं, तो प्रोसेर्पिना पुढे पाच-सहा किलोमीटरवर याच वाटेवर आहे. त्याच्या भिंतीला कोरड्या बाजूने मातीचा भराव आहे आणि आधाराचे धिरे मात्र पाण्याच्या बाजूला. हे उलटं वाटतं, पण तलाव रिकामा झाला की भराव भिंतीला आत ढकलणार. धिरे त्यासाठी आहेत. आधी जलसेतू आणि मग बंधारा हा क्रम पायीच नीट उमगतो.

मेरिदा ज्यात येतं त्या एस्त्रेमादुरा प्रांतात वाटेच्या खुणेसाठी ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे आहेत. त्यांवरची पिवळी फरशी म्हणजे यात्रेकरूंची वाट, हिरवी म्हणजे मूळ रोमन रस्ता. दोन्ही रंग असले की दोन्ही वाटा एकच. नुसती हिरवी बघून गेलात तर कुंपणापाशी अडकायची शक्यता. मुक्काम गाठायचा असेल तर पिवळीच धरा. जनावरांसाठीची फाटकं उघडली की मागे लावायची.

रोमन रस्ता म्हटलं की फरसबंदी डोळ्यांपुढे येते, पण ती शहरात. रानातला रस्ता खडीचा: खाली मोठे दगड, वर बारीक खडी, सगळं ठोकून बसवलेलं. लोखंडी धावेच्या चाकांना आणि जनावरांच्या पायांना खडीच सोयीची. आता बारीक खडी वाहून गेलेली असते, उरलेल्या धोंड्यांवर घोटा मुरगळतो. कडेच्या पायवाटेने चाला, जाड तळव्याचे बूट घाला. मैलाचे दगड म्हणजे ग्रॅनाइटचे गोल खांब. रोमन मैल साधारण 1480 मीटरचा. कार्काबोसो गावात ते चर्चजवळच आहेत.

शाकाहारींनी बारमध्ये ‘सिन हामोन’ (हॅमशिवाय) असं स्पष्ट सांगावं, नाहीतर गार सूपवरही हॅमचे तुकडे येतात. ‘मिश्र’ सॅलडमध्ये बहुधा ट्यूना असतो. टोमॅटो लावलेला पाव, चीज, बटाट्याचं ऑम्लेट यांवर दिवस निघतो. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद.

सगळ्यात अवघड टप्पा कार्काबोसो ते आल्देआनुएवा देल कामिनो, सुमारे 38 किलोमीटर. अडचणीचं मूळ रोमनच आहे. त्यांचे मुक्काम बहुतेक 20-22 मैलांवर असत आणि मेरिदापासून मुक्कामांची बेरीज केली की 110 व्या मैलाला कापार्रा येतं. ते नगर ओस पडलं, त्या जागी दुसरं गाव उभं राहिलं नाही, म्हणून आज मधे निवाराच नाही. उरलीय ती चारही बाजूंनी उघडी कमान, पहिल्या शतकाच्या अखेरची. वाट तिच्या खालून जाते. उपाय दोन: आसपासच्या लॉजला आदल्या दिवशी फोन करून कमानीपाशी गाडी बोलवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे निघा, नाहीतर पहाटे अंधारात निघून एका दमात संपवा. कडक उन्हाच्या दिवसांत यातला दुसरा उपाय करू नये.

पुढे बान्योस दे माँतेमायोरला गरम पाण्याचे झरे आहेत, रोमनांच्या काळापासून वापरातले. गावातून खिंडीकडे चढणारा रोमन रस्ता दुरुस्त केलेला, फरसबंद आहे. पावसात तो फार निसरडा होतो. तेव्हा काठी हवी, नाहीतर डांबरी रस्त्याने वर जावं.