तिसऱ्या दिवशीचा गर्भ आणि जनुकसंचातले विषाणू

ठाण्यातील एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत मी भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. फलनानंतर तिसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून डिश काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की चांगल्या वाढणाऱ्या गर्भात साधारण आठ पेशी दिसतात. त्या सारख्या आकाराच्या आहेत का, मध्ये तुकडे किती पडले आहेत, एवढे पाहून ग्रेड नोंदवायची आणि डिश लगेच परत ठेवायची, कारण बाहेरची हवा आणि तापमान गर्भाला मानवत नाही. त्या पेशींच्या केंद्रकात काय चालले आहे ते मात्र भिंगातून दिसत नाही, आणि मला सर्वाधिक ओढ त्याचीच आहे.

तोवर गर्भ स्त्रीबीजात साठवलेल्या शिदोरीवर जगलेला असतो. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर त्याची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात आणि त्यांच्यासोबत काही प्राचीन विषाणूंची जनुकेही वाचली जाऊ लागतात. आपल्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग पूर्वजांच्या बीजपेशींत शिरून तिथेच राहिलेल्या रेट्रोव्हायरसांचा, म्हणजे स्वतःची माहिती पेशीच्या डीएनएमध्ये घुसवणाऱ्या विषाणूंचा आहे. प्रथिनांची माहिती देणारा भाग मात्र 2 टक्क्यांहूनही कमी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले, की यांपैकी एचईआरव्ही-के हा विषाणू आठ पेशींच्या सुमारास जागा होतो आणि ब्लास्टोसिस्टमध्ये, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशीच्या पोकळ गर्भात, त्याचे विषाणूसदृश कणही आढळतात.

मग हे विषाणू आवरतात कसे? पेशीत झिंक फिंगर प्रथिनांचे मोठे कुटुंब आहे. त्यांपैकी अनेक प्रथिने विषाणूच्या ठरावीक डीएनए क्रमाला ओळखून चिकटतात आणि ट्रिम-28 या प्रथिनाला बोलावून घेतात. ते सेटडीबी-1 हे विकर आणते, त्या ठिकाणच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा बसतात आणि तो भाग वाचण्यासाठी बंद होतो. उंदरांत यांपैकी ट्रिम-28 किंवा सेटडीबी-1 काढून टाकले, तर गर्भ रुजण्याच्या सुमारासच दगावतो.

या सगळ्यात वेळेला किती महत्त्व आहे, हे जीवशास्त्रज्ञ रुडॉल्फ येनिश यांच्या गटाच्या जुन्या प्रयोगांतून मला सर्वांत स्पष्ट कळले. उंदराचा गर्भ रुजण्यापूर्वी त्यात ल्युकेमियाचा विषाणू सोडला, तर त्याचा डीएनए पेशींत सामावला जातो, पण त्यावर मिथाइल गट बसून तो मुका राहतो. रुजल्यानंतर तोच विषाणू दिला, तर तो कामाला लागतो.

उलट, काही विषाणू योग्य वेळी जागे होणेच आवश्यक असते. उंदराच्या दोन पेशींच्या गर्भात एमईआरव्हीएल हा विषाणू काही तास जोरात व्यक्त होतो, म्हणजे त्याची जनुके वाचली जातात, आणि तो दडपला तर पुढची वाढ बिघडते. त्याला जागवणाऱ्या डक्स या जनुकाचे मानवी रूप म्हणजे डक्स-4. सुरुवातीच्या गर्भात थोडा काळ व्यक्त होणारे हे जनुक प्रौढ स्नायूंत बंद राहणे अपेक्षित असते. ते तिथे पुन्हा सुरू झाले, तर चेहरा, खांदे आणि दंडाचे स्नायू क्षीण करणारा आनुवंशिक आजार होतो.