ट्यूब गेली नाही, सॉकेट ओल धरतंय

‘पावसाळ्यात जुना सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मॉनिटर लावला की अक्षरं धुरकट दिसतात, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप साफ होतात. ट्यूब गेली का?’ मिरामार, वास्कोसारख्या समुद्राकाठच्या घरांतून जूनपासून हे हमखास विचारलं जातं. ट्यूब बहुतेक वेळा ठणठणीत असते. कृपा करून मॉनिटर भंगारात देऊ नका.

दोष असतो ट्यूबच्या मानेवरच्या सॉकेटमध्ये. फोकसच्या पिनेवर 5 ते 8 हजार व्होल्ट असतात आणि तिच्याशेजारी सॉकेटमध्येच स्पार्क गॅपची (जादा व्होल्टेज ठिणगीने उतरवणाऱ्या फटीची) छोटी डबी असते. खारी, दमट हवा डबीत शिरली की आतल्या धातूवर हिरवट गंज चढतो आणि तिथून करंट झिरपतो. फोकसचं व्होल्टेज फ्लायबॅकमधल्या (हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधल्या) कित्येक मेगाओमच्या रेझिस्टन्समधून येतं, त्यामुळे एवढीशी गळतीही ते खाली ओढते. मॉनिटर तापला की ओल सुकते. मल्टिमीटरने ही गळती सापडत नाही, कारण तो काही व्होल्टवरच तपासतो. फोकसच्या वायरला तर तो लावूच नका, जळेल.

चित्र मुळातच अंधुक असेल आणि ब्राइटनेस वाढवल्यावर पांढरी अक्षरं फाकत असतील, तर मात्र ट्यूबच थकलीय.

उघडण्याआधी प्लग काढा. अ‍ॅनोडवर, म्हणजे ट्यूबवरच्या रबरी टोपीखालच्या जोडावर, सुमारे 25 हजार व्होल्ट राहू शकतात. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर वायरने ट्यूबवरच्या उघड्या अर्थ-वेणीला (तारांच्या विणलेल्या पट्टीला) जोडा, मग टोक रबरी टोपीखाली सरकवा. बोर्डाला अर्थ करू नका, आयसी उडतात. मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरचे 320 व्होल्ट उतरलेत का, हे मीटरने बघा.

नेक बोर्ड (सॉकेट बसवलेला छोटा बोर्ड) सरळ मागे ओढा. तिरका जोर लागला तर काच तडकते, हवा शिरते आणि ट्यूब खरोखरच संपते. सॉकेट घेताना मानेची जाडी (29 की 22.5 मिमी), पिनांची रचना आणि फोकसच्या वायरी एक की दोन, हे जुळवा. जुनं सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं तर काही दिवस चालतं. गंज परत येतोच, म्हणून बदललेलं बरं.

नवं बसवल्यावर लगेच फोकस फिरवू नका. अर्धा तास चालू ठेवा, मग फ्लायबॅकवरचा फोकस नॉब प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, केंद्र आणि कोपरा यांच्या मधल्या अक्षरांवर नजर ठेवून लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धुरकटपणा दिसला, तर गळती फ्लायबॅकच्या आत आहे. मग त्याच नंबरचा फ्लायबॅक शोधावा लागेल.