बँकॉक: दरापुढची ती दोन अधिक चिन्हं

बँकॉकच्या महागड्या हॉटेलात राहायचं ठरवलं असेल तर फोटो, तलाव, नाश्ता हे सगळं नंतर बघा. आधी दरापुढे ++ लिहिलंय का ते बघा. तिथे त्याला ‘प्लस प्लस’ म्हणतात. पहिला प्लस म्हणजे 10 टक्के सेवा शुल्क, दुसरा 7 टक्के व्हॅट. व्हॅट सेवा शुल्कासकट झालेल्या रकमेवर लागतो, म्हणून बेरीज 17 नाही, 17.7 टक्के होते. मी ईमेलवर रात्रीचा 14,000 बाथ (थाई चलन) असा दर ठरवला आणि बिल आलं 16,478चं. दोन रात्रींत जवळपास पाच हजार बाथ वर. चूक माझीच, ईमेलमध्ये ती दोन चिन्हं होती. मला वाटलं, नाश्ता वगैरे ‘अधिक’ असेल. विचारताना ‘नेट किती?’, म्हणजे सगळं धरून किती, एवढंच विचारा. हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि आई. आईची सत्तरी, म्हणून सहा रात्री, तीन हॉटेलं, प्रत्येकी दोन रात्री, असा बेत. तारीख 25 जानेवारी 2025. ह्या तारखेत दोन घोटाळे होते आणि दोन्ही मला माहीत नव्हते. एक, 29 तारखेला चिनी नववर्ष, त्यामुळे दर चढलेले आणि लॉबीत पाय ठेवायला जागा नाही. दोन, धूर. त्या आठवड्यात शहराची हवा इतकी खराब होती की शेकडो शाळा बंद ठेवल्या होत्या आणि लोकांनी गाड्या काढू नयेत म्हणून सरकारने आठवडाभर मेट्रो आणि बस फुकट केली होती. नदी दिसावी म्हणून आम्ही जास्तीचे पैसे भरले आणि पहिल्या सकाळी खिडकीबाहेर दूध सांडल्यासारखं पांढरं. डिसेंबर ते मार्चमध्ये नदीच्या दृश्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. नोव्हेंबरात खुशाल मोजा.

पहिलं हॉटेल नदीकाठचंच, नाव लिहीत नाही. खोलीच्या नावात ‘रिव्हर’ होतं आणि नदीही होती, दोन उंच इमारतींच्या फटीत, बाल्कनीच्या डाव्या टोकाला उभं राहिलं की. आई म्हणाली, “एवढ्या पैशांत नदी तरी अख्खी द्यायची.” रिसेप्शनवर गेले तर शांतपणे उत्तर आलं की पूर्ण दृश्याच्या खोल्यांचा वर्ग वेगळा आहे. खोली घेण्याआधी लेखी विचारा: पलंगावर बसून पाणी दिसतं का? उत्तरात ‘पार्शल’ (अर्धवट) आलं किंवा उत्तरच टाळलं तर नाही समजा.

ह्याच हॉटेलने विमानतळावरून आणायला गाडी पाठवली होती. 2,400 बाथ, आणि हो, त्यावरही प्लस प्लस. म्हणजे 2,825. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळमजल्यावर मीटर टॅक्सीची यंत्रं आहेत. चिठ्ठी काढायची, तिच्यावरच्या नंबरच्या जागी उभ्या टॅक्सीत बसायचं. मीटर 35 बाथपासून सुरू होतो, विमानतळाचे 50 वेगळे, आणि टोल आपण द्यायचा. सगळं धरून हॉटेलच्या गाडीच्या पाव किमतीतही शहर गाठता येतं. एकटेदुकटे असाल आणि बॅग एकच असेल तर एअरपोर्ट रेल लिंक ही रेल्वे शहरातल्या फया थाई स्टेशनपर्यंत 45 बाथमध्ये नेते, अर्ध्या तासाच्या आत.

आता त्या संध्याकाळबद्दल. हे लिहिताना अजूनही माझं डोकं तापतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सयामला खरेदीला गेलो होतो. सकाळी निघताना हॉटेलच्या माणसाने सांगितलं होतं, “आई बरोबर आहेत, येताना टॅक्सीच करा, आरामात याल.” साडेपाचला टॅक्सीत बसलो. अंतर सहा-सात किलोमीटर. चालक मीटर लावायलाच तयार नव्हता, 400 म्हणाला. तिसऱ्या टॅक्सीने मीटर लावला. राचदमरी रस्त्यावर वीस मिनिटं. सिलोमच्या चौकात तीन सिग्नल, प्रत्येक सिग्नल इतका लांब की पुढचे मोटारसायकलवाले गाडी बंद करून मोबाइल काढून बसायचे. मग चारुन क्रुंग. हा बँकॉकचा अगदी सुरुवातीचा पक्का रस्ता, एकोणिसाव्या शतकातला, आणि रुंदीही बहुतेक तेव्हाचीच राहिली असावी. तिथे आम्ही चाळीस मिनिटं एका सोन्याच्या दुकानासमोर उभे होतो. दुकानाचे दिवे लागले, शटर खाली आलं, आम्ही तिथेच. आईला बाथरूमला जायचं होतं. नवरा उतरून चालत जाऊ म्हणाला, पण त्या धुरात सत्तरीच्या बाईला चालवायचं? एकूण एक तास पस्तीस मिनिटं. आणि डोक्यावरून धावणारी रेल्वे त्या आठवड्यात फुकट होती!

तेव्हा माझं स्पष्ट मत: बँकॉकमध्ये हॉटेलला तारे किती हे दुय्यम, बीटीएसचं, म्हणजे त्या डोक्यावरून धावणाऱ्या रेल्वेचं, स्टेशन किती पावलांवर आहे हे आधी. स्टेशनपासून लांब असलेलं नदीकाठचं हॉटेल म्हणजे सुंदर कैद. दिवसभर तलावाकाठी पडून राहणार असाल तरच घ्या. दुपारी चार ते रात्री आठ नदी आणि सयाम यांच्यामध्ये रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनात बसू नका. फक्त रेल्वे किंवा बोट.

नदी हवीच असेल तर शांग्रिला घ्या. आमच्या पुढच्या दोन रात्री तिथे होत्या. सफान ताक्सिन बीटीएस स्टेशन आणि बोटींचा साथोर्न धक्का दोन्ही अगदी शेजारी, आई काठी न घेता गेली. जुन्या पद्धतीचं हॉटेल आहे, चकचकाट कमी. क्रुंगथेप विंगमध्ये खोली मागा, तिथे प्रत्येक खोलीला बाल्कनी आहे. सिलोम लाइनने सयाम पंधराएक मिनिटांत येतं. ह्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं.

पेनिन्सुला पलीकडच्या काठावर, थोनबुरीच्या बाजूला आहे. 1998चं हॉटेल, इमारत इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची, त्यामुळे सगळ्याच खोल्यांतून नदी दिसते. फटीतली नदी हा प्रकारच नाही. आम्ही फक्त कॉफीला गेलो, साथोर्नहून त्यांची स्वतःची बोट येते. रोज बोटीची वाट बघायची तयारी असेल तर उत्तम. मँडरिन ओरिएंटल 1876पासूनचं आहे, नावाची किंमत घेतं, आणि तिथे राहण्यापेक्षा दुपारचा चहा घेणं मला शहाणपणाचं वाटलं. नवऱ्याने मात्र बूट घालावेत. चपला आणि चड्डी चालत नाही.

साथोर्नच्या धक्क्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक भेटतील. “सरकारी बोट आज बंद, खासगी घ्या.” ऐकू नका, सरळ तिकिटाच्या खिडकीशी जा. केशरी झेंड्याची बोट वीस बाथच्या आत आहे. तोच प्रकार राजवाड्याबाहेर: “आज बंद आहे, टुकटुकने दुसरं देऊळ दाखवतो.” राजवाडा बहुतेक वेळा उघडाच असतो. तिकीट 500 बाथ, गुडघे झाकलेले हवेत.

शेवटच्या दोन रात्री ग्रँड हयात एरावन. चित लोम स्टेशनला उंचावरच्या पादचारी मार्गाने जोडलेलं, नदी नाही, समोर मॉल आणि वाहतूक. मी नाक मुरडलं होतं, आईला मात्र हेच सगळ्यात आवडलं, कारण कोपऱ्यावर चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं देऊळ. आपल्याकडे ब्रह्मदेवाला कोण विचारतं, आणि इथे रस्त्याच्या कडेला झेंडूच्या माळांचे ढीग, नवस फेडायला नाचणाऱ्या मुली! 1956चं देऊळ. आधीचं एरावन हॉटेल बांधताना अपघातामागून अपघात झाले म्हणून उभारलेलं. पलीकडे सेंट्रलवर्ल्डसमोर गणपतीही आहे. आई रोज सकाळी दोन्हीकडे जाऊन यायची आणि मग नाश्त्याला बसायची. शाकाहाऱ्यांनी नाश्ता भरपेट करून घ्या. बाहेर ‘जे’ असं सांगा, म्हणजे मांस, अंडं, मासळीचा सॉस, काहीच घालत नाहीत. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर भाजीत माशाचा सॉस येणारच, त्यांच्या लेखी ते मीठ आहे.

पैशांचं आणखी थोडं. हॉटेल अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतं. डेबिट कार्ड देऊ नका. आमचे खरे पैसे तीन आठवडे लटकले होते. बिलाच्या वेळी यंत्र ‘रुपये की बाथ?’ विचारेल, प्रत्येक वेळी बाथ. रुपये दाबले की दर त्यांचा लागतो. आणि मे 2025पासून थायलंडला जाण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा, खरी दुसरी आहे.

परतीचं विमान सकाळचं होतं. हयातच्या दारातून पहाटे पाचला मीटर टॅक्सी केली, रस्ते रिकामे, पस्तीस मिनिटांत विमानतळ. मीटर आणि टोल मिळून साडेतीनशेच्या आसपास. आईने उतरताना चालकाला पन्नासची नोट दिली आणि मला विचारलं, “ह्याच्यावर नाही ना काही प्लस?”