बाबांची कानडी

गाडीच्या मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलता येत नाही हे मला लहानपणापासनं माहिती आहे, कारण मी मागच्या सीटवरच मोठा झालोय. तेव्हा घरात लुना होती. बाबा पुढनं काहीतरी म्हणायचे, निम्मे शब्द वाऱ्यात जायचे, मी "आँ?" करायचो, ते परत म्हणायचे, मी परत "आँ?", मग "कायनाय, घट्ट धर" म्हणून विषय संपायचा. आता लुनाच्या जागी माझी स्प्लेंडर आहे, मी पुढं, ते मागं, आणि "आँ?" करायची पाळी त्यांची. बाकी तसंही आमच्यात बोलणं कमीच. बाबा अबोल आहेत हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही, पाऊस आला की गल्लीत पाणी साठतं हे जसं सांगावं लागत नाही तसं.

तर गेल्या डिसेंबरात मला चार दिवस सुट्टी होती आणि मी सोफ्यावर पडून मोबाईल बघत होतो, तेवढ्यात बाबा पेपरच्या मागनं म्हणाले, "काय करूलास सुट्टीत?"

"काय नाही."

"मलप्रभा बघून येऊया की. सुरू होते तिथनं संपते तिथपर्यंत."

मी मोबाईल खाली ठेवला.

बाबांनी तीसेक वर्षं साड्या विकल्या. दुकान नाही, फिरून. आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांचे गठ्ठे बांधायचे, लाल बसच्या टपावर टाकायचे आणि बैलहोंगल, सौंदत्ती, मुनवळ्ळी, रामदुर्ग अशी दुकानं करत जायचं, दोन-तीन दिवसांनी उधारीची वही घेऊन परत. या सगळ्या फिरतीत वाटेत कुठं ना कुठं मलप्रभा नदी आडवी येतेच. एम. के. हुबळीच्या पुलावरनं किती वेळा गेलो असेन त्याला हिशोब नाही म्हणाले, पण ही येते कुठनं आणि जाते कुठं ते कधी बघितलं नाही. नदीची लांबी 304 किलोमीटर. चुलतभाऊ म्हणाला माझी कार न्या की, तर बाबांना कारमध्ये उलटी येते. बसच्या खिडकीत तीस वर्षं बसलेल्या माणसाला एसी कारमध्ये उलटी येते, आता काय बोलणार. म्हणून स्प्लेंडर. 97.2 सीसी, मागं 68 वर्षांचा माणूस आणि त्याच्या मागं रेक्झिनची बॅग.

ती बॅग त्यांनी बांधली, मला हात लावू दिला नाही. सुताची जुनी दोरी, कॅरिअरच्या खालनं एक फेरा, बॅगेवरनं कातर, मग परत खालनं, आणि शेवटी गाठ न मारता दोरीचं टोक मुडपून असं काही आत सारलं की ओढावं तेवढं घट्ट होतंय आणि उलट्या बाजूनं नुसतं बोटानं ओढलं की सुटतंय. गठ्ठ्याची गाठ. मी ऑनलाइन मागवलेल्या हुकच्या इलॅस्टिक दोऱ्या तशाच पाकिटात घरी राहिल्या. आईनं एक रिकामी बाटली दिली, नदी उगवते त्या कणकुंबीचं तीर्थ आणायला.

जांबोटी सोडलं की रस्ता जंगलात शिरतो, आणि डिसेंबरात सकाळी सातला त्या रस्त्यावर स्प्लेंडर चालवणं म्हणजे फ्रीजमध्ये हात घालून बसण्यासारखंच आहे. कणकुंबीला माउलीचं देऊळ, जवळच कुंड, आणि ही एवढी मोठी मलप्रभा तिथं अशी बसलेली की नदी म्हणायला जीभ वळत नाही. याच डोंगररांगेत म्हादई पण उगवते. ती गोव्याकडं उतरून मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते, ही पूर्वेला वळून कृष्णेतनं थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. म्हादईच्या खोऱ्यातलं थोडं पाणी इकडं वळवायचं म्हणून कणकुंबीजवळ कालवा खणलाय, त्यावरनं कर्नाटक आणि गोव्याचं भांडण कोर्टात. बाबांनी कालवा बघितला, "हं" म्हणाले. बाटली भरली. एवढंच. इथंपर्यंत बाबा घरातले बाबाच होते.

खानापुरात मिसळ खाल्ली आणि पारिश्वाडकडनं पुढं निघालो. जंगल संपून उसाची रानं लागतात, आणि डिसेंबर म्हणजे गळिताचा हंगाम, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडनं इतका बाहेर आलेला की ओव्हरटेक करताना तो हेल्मेटला घासून जातो, वर डीजेचं गाणं एवढ्या जोरात की मागनं हॉर्न दिला तरी ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही. अशा वेळी माझ्या उजव्या खांद्यावर थाप पडायची. आमचं ठरलेलं होतं, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे हळू. पण खानापूर तालुका संपला तसं त्या दोन थापांबरोबर एक शब्द पण यायला लागला, "निधान, निधान."

निधान म्हणजे कानडीत हळू. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, अभंगातला. आधी मला वाटलं मागं बसून भजन चाललंय.

आता इथं मला माझ्या कानडीबद्दल सांगायला पाहिजे. मी मराठी मीडियमचा, शाळेत कानडी एक विषय होता, त्यात पास होण्यापुरती आली. बसची पाटी वाचतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो, कारखान्यात ऑपरेटरला काय पाहिजे ते सांगतो. बाबा तर मराठीच शिकलेले, कानडी अक्षर अजून वाचता येत नाही. आमच्या भागात भाषेवरनं काय काय होतं ते नव्यानं सांगायला नको. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव कानडी राज्यात गेलं तेव्हापासनंचं प्रकरण आहे, दर वर्षी त्या दिवशी तिकडं राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक आणि इकडं मराठी लोकांचा काळा दिवस. बाबा दर 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून सायकल फेरीत जायचे आणि 2 नोव्हेंबरला पहाटेची बस पकडून बैलहोंगलला साड्या विकायला. दोन्हींत त्यांना कधी अडचण वाटलेली मला दिसली नाही. मी एकदा कॉलेजात असताना विचारलं होतं, तर म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं." मला तेव्हा ते टाळल्यासारखं वाटलं होतं.

पहिली रात्र सौंदत्तीत. यल्लम्माच्या डोंगरावर भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या, दर्शन झालं. त्याच्यावर आधीच लोकांनी पुष्कळ लिहिलंय. सकाळी नविलतीर्थाचं धरण बघितलं. नविलु म्हणजे मोर, पण मोर काय दिसला नाही. मग रामदुर्ग.

रामदुर्ग सोडून बदामीच्या रस्त्याला लागलो आणि मागचं चाक शेपूट हलवायला लागलं. उतरून बघितलं, बाभळीचा काटा, बोटाएवढा. दोन्हीकडं काळं रान आणि ज्वारी, सावली म्हणून नाही. मी गाडी ढकलतोय, बाबा मागनं बॅगेला हात लावून चालतायत, मदत म्हणून, असं दीडेक किलोमीटर गेलो तेव्हा एक पत्र्याचं शेड दिसलं आणि समोर बांबूला लटकवलेला टायर.

पंक्चरवाला माझ्याच वयाचा असेल. त्यानं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "बर्री, कुंड्री." या, बसा. बाबा आडव्या पडलेल्या ट्रकच्या टायरवर बसले आणि कानडीत बोलायला लागले.

ते बोलले म्हणजे कसं ते सांगतो. घरात बाबांचं वाक्य चार शब्दांचं असतं. इथं वाक्य संपतच नव्हतं. हात हलत होते, भुवया वर-खाली, मध्येच आवाज बारीक करून कुणाची तरी नक्कल, मग मांडीवर थाप, मग थांबून असं इकडं तिकडं बघायचं की समोरच्यानं आपणहून विचारावं, पुढं काय झालं? त्या पोरानं टायर खोलला, ट्यूब काढली, थोडी हवा मारून घमेल्यातल्या पाण्यात एकेक वीत बुडवत फिरवायला लागला आणि बुडबुडे आले तिथं बोट दाबून धरलं, आणि नेमकं त्याच वेळी बाबांनी काहीतरी असं म्हटलं की तो हसता हसता मागं टेकला, बोट सुटलं, भोक हरवलं. परत पहिल्यापासनं. मला एवढंच कळलं की कुणीतरी सावकार होता, त्याच्या दोन बायका होत्या आणि एकच साडी होती. शेवटी बाबांनी माझ्याकडं बोट केलं, "इंव नन्न मग री," हा माझा पोरगा, आणि पुढं आणखी काहीतरी, त्यावर दोघं परत हसले.

मी हसलो. दुसरं काय करणार.

पॉलिश पेपरनं घासणं, सोल्युशन, पॅच, हातोडीनं दोन ठोके, अर्ध्या तासाचं काम होतं, तिथं सव्वा तास गेला. चहा आला. पैसे घेताना त्यानं दहा रुपये परत दिले आणि बाबांनी ते परत त्याच्या खिशात कोंबले. निघताना मला दिसलं की बाबांचे हात ग्रीसनं माखलेत, ट्यूब धरायला मदत केली होती ना, आणि ते धुवायला पाणी म्हणून त्यांनी बॅगेतली कणकुंबीची बाटली अख्खी ओतलेली. बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"नदी तीच आहे की," म्हणाले. "पुढं भरून घेऊ."

पुढं पट्टदकलला भरली. हा भाग आईला वाचून दाखवू नका, ती बाटली देव्हाऱ्यात आहे.

गाडी सुरू केल्यावर मी मान वळवून ओरडून विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणालासा? "आँ?" परत विचारलं. "कायनाय," आणि खांद्यावर दोन थापा, "निधान."

मग मी बघायलाच लागलो. बनशंकरीला देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, मडक्यातलं दही, झाडाखाली बसून खायचं. तिथल्या आजीशी बाबा तिच्या इरकलवरनं सुरू झाले. गोमी काठ आहे, टोपी पदर आहे, पण पदर अंगाला जोडलाय तो हातानं नव्हे, असं काहीतरी. इरकलला पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा वेगवेगळा असतो, तो मागावर एकमेकांत अडकवून विणतात, हे मला बाबांनी मराठीत आजवर कधी सांगितलं नव्हतं. आजीनं पदर झटकून बाबांना काहीतरी सुनावलं आणि एक भाकरी जास्त वाढली. पट्टदकलला राणी लोकमहादेवीनं बांधवलेलं विरूपाक्षाचं देऊळ आहे, नवऱ्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं म्हणून, आठव्या शतकातलं. 1987 सालापासनं हे जागतिक वारशात आहे. लोक खांबावरच्या मूर्तींचे फोटो काढत होते आणि बाबा दगडी जाळीच्या खिडकीपुढं उभं राहून तिथल्या वॉचमनला कानडीत काठाची नक्षी समजावत होते. वॉचमनला!

मला थोडा राग पण आला, खरं सांगायचं तर. म्हणजे हा एवढा गप्पिष्ट माणूस दर खेपेला पहाटे लाल बसमध्ये चढून जात होता आणि घरी परत यायचा तो वेगळाच, दमलेला, ज्याला माझे मार्क आणि लाईट बिल एवढंच विचारायचं असायचं. पण मग विचार केला, घरात आम्ही त्यांना विचारत तरी काय होतो, तेच की, लाईट बिल भरलासा काय. दुकानदारानं गठ्ठा सोडायला लावायचा तर आधी अर्धा तास त्याच्या म्हशीपासनं जावयापर्यंत सगळं बोलायला लागायचं. आमच्यापुढं त्यांना कसलाच गठ्ठा सोडायचा नव्हता.

कूडलसंगमला आम्हाला वाटलं होतं दोन नद्या मिळताना दिसतील. तसं काय दिसत नाही. खालच्या धरणाचं पाणी तुंबून तिथं समुद्रासारखं पसरलंय, बसवण्णांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, त्या पाण्यात उभं केलेल्या विहिरीसारख्या भिंतीच्या आत, पायऱ्या उतरून जायला लागतं. कुठली मलप्रभा आणि कुठली कृष्णा कळायला मार्ग नाही. बाबा एका नारळवाल्याशी चांगला पाऊण तास बोलले, तो हातवारे करून सगळं दाखवत होता, इकडनं ही, तिकडनं ती, पूर आला की पाणी कुठपर्यंत चढतं. परत आले तेव्हा मी विचारलं काय म्हणाला.

"इथनं पुढं हिला कृष्णा म्हणतात," बाबा म्हणाले. पाऊण तासाचं मराठीत एवढंच झालं.

घरी आलो तेव्हा काटा सहाशेच्या जवळ गेला होता. बाबांनी दोरीचं टोक बोटानं ओढलं, बॅग सुटली. आईनं विचारलं कसं झालं, "बरं झालं," म्हणाले आणि पेपर घेऊन बसले, चार दिवसांचे एकदम.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर ते कट्ट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो, जरा वेळ गेला, मग घसा साफ करून म्हणालो, "ऊट आत्री?" जेवण झालं का. माझा उच्चार काय होता देव जाणे. बाबांनी माझ्याकडं असं बघितलं की त्या सावकाराची दुसरी बायकोच समोर येऊन बसलीय. मग मांडी बदलून बसले, हात वर झाला, आणि सुरू झाले. मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही, जिथं कळत नव्हतं तिथं मी "हौदा?", असं होय, म्हणत होतो. मध्येच दोघं जोरात हसलो.

आतनं भांड्यांचा आवाज थांबला. आई पदराला हात पुसत दारात आली, कोण पाव्हणं आलंय बघायला.