रिलॅक्सेशन रिग: १२ टक्क्यांचा चोर सापडला

ताणून धरलेल्या रबराचं बल काळाबरोबर कसं उतरतं (रिलॅक्सेशन) ते मोजणाऱ्या माझ्या रिगवर मागच्या नोंदीत १२ टक्क्यांची घट दिसली होती. ती निव्वळ रबराची नव्हतीच. पट्टी चिमट्यातून सरकत होती!

१०० मिमी लांब, १० रुंद, २ जाड पट्टी ५० टक्के ताणून धरली, की बल लॉग-टाइमवर (वेळेच्या लॉगॅरिदमिक अक्षावर) जवळजवळ सरळ रेषेत उतरायला हवं. ही रेषा अर्ध्या तासानंतर खाली वाकायची. पहिला संशय लोडसेलवर (बल मोजणारा सेन्सर). रबराच्या जागी गिटारची तार ताणली. तासाभरात बल जेमतेम हललं. तार इतकी ताठ, की चौकट अर्धा मिमी जरी बसली असती तरी बल धाडकन पडलं असतं. म्हणजे चौकट आणि लोडसेल दोन्ही संशयातून सुटले. मग पट्टी ताणून चिमट्यांच्या काठाशी बॉलपेनने रेघा मारल्या. तासाभराने दोन्ही रेघा ३-३ मिमी बाहेर!

चिमट्यातलं रबरही व्हिस्कोइलॅस्टिकच (थोडं लवचीक, थोडं घट्ट द्रवासारखं वाहणारं). दाबाखाली तेही सैलावतं (गॅस्केटचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात ते याचमुळे), त्यात ताणलेली पट्टी पातळ होऊन पकड सुटते. फार आवळलं तर काठावरच चीर पडते. तिथे तुटलेल्या नमुन्याचा आकडा वहीत घेऊच नये. स्प्रिंग वॉशर घातल्यावर सरकणं १ मिमीच्या आत आलं.

आता आलेख इतका स्वच्छ आहे की दुपारी खोली २९ वरून ३२ अंशांवर गेली तेव्हा बल साधारण १ टक्का चढलेलं दिसतं, तापमानामुळे रिकाम्या लोडसेलचा आकडा जेवढा हलतो तेवढा वजा करूनही. ताणलेल्या रबराचं बल निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतं; ३०० केल्विनवर ३ अंश म्हणजे बरोबर १ टक्का. फार सुंदर!

पण मुळात चिमटा हवाच कशाला? सायकलच्या ट्यूबचा ४ मिमी रुंद आडवा काप म्हणजे आयती रिंग. दोन छोट्या बेअरिंगवर (६२४ मापाच्या) चढवायची, बाजूंना वॉशर. आयएसओ ३७ मध्येही (रबराच्या ताण-चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक) रिंग नमुना आहेच. बल ३०० ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणून ५ किलोचा लोडसेल काढून १ किलोचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो.

रबरात चीर कशी वाढते ते पाहायच्या चाचणीला मात्र सपाट शीटच हवी. मुंबईतच नागदेवी स्ट्रीटला शीट हवी तेवढी मिळते, पण दुकानदाराच्या ‘नॅचरल रबर’ या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासा. २० मिमी रुंद पट्टीला काठावरून ब्लेडने २ मिमी चीर द्या आणि वजन टांगून ठेवा. नैसर्गिक रबर चिरेच्या टोकाशी ताणाने स्फटिकतं, त्यामुळे बेताच्या स्थिर वजनाखाली चीर जवळपास थांबते. वजन चढवत-उतरवत राहिलं तरच पुढे जाते. एसबीआरमध्ये (स्टायरीन-ब्युटाडाईन, कृत्रिम रबर) ती स्थिर वजनाखालीही सरकत राहते. दोन शीट शेजारीशेजारी टांगल्या आहेत, चिरेपाशी अर्ध्या मिमीच्या खुणांची मोजपट्टी.