आल्या आल्या आत का उतरत नाही?

विहिरीत, टाकीत, गटारात माणसं गुदमरून गेल्याची बातमी आली की मला फोन येतात. गावातले, भावकीतले, ओळखीच्या ओळखीने नंबर मिळवलेले. प्रश्न ठरलेला. "मेजर, तुमची माणसं पोचली तरी वरच हुबी होती म्हणं. यंत्रं लावत बसली. आल्या आल्या आत का उतरत नाही ओ तुम्ही?" मी एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात होतो, त्यातही रासायनिक आणि किरणोत्सर्गी अपघातांसाठी शिकवून तयार केलेल्या पथकात. तेव्हा उत्तर मीच द्यायचं, असं सगळ्यांनी धरलंय. फोनवर मी दोन वाक्यांत सांगतो. समोरचा "बरं बरं" म्हणतो आणि त्याला काडीचंही पटलेलं नाही हे मला कळतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून या खेपेला सगळं लिहून काढतो. चिडून लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा. पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधून उतरलेला तेवढा एक वाचला. त्या पाचांत भित्रं कुणी नव्हतं, बेफिकीर कुणी नव्हतं. आपलं माणूस खाली पडलेलं बघवेना म्हणून ते उतरले. अशा जागी माणसं मरतात ती बहुतेक अशीच मरतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता. त्यात मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते.

शेण, मैला, मळी, कारखान्याचं सांडपाणी हवेविना सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस पायरी उतरतो. ७०० ते १००० भागांपर्यंत गेला की माणूस काही श्वासांतच कोसळतो. "श्वास रोखतो आणि पटकन वर घेऊन येतो" म्हणणाऱ्याने एकदा घरच्या अंगणात श्वास रोखून सत्तर किलोचं पोतं उचलून बघावं.

हे मी आज सांगतोय. पूर्वी मलाही हे पटलं नसतं.

मी मूळचा सीआरपीएफचा. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक फौजी. तिथे धाडस म्हणजे पुढे होणं, आणि मी पुढे होणारा होतो. एनडीआरएफला थेट भरती नसते, हे भरतीची तयारी करणाऱ्या अकॅडमीतल्या पोरांना मी रोज सांगतो. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ मध्ये हे दल केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या बटालियन घेऊन उभं राहिलं. आजही माणसं तिथूनच प्रतिनियुक्तीवर येतात. तेव्हा आधी जीडीची, म्हणजे या दलांतल्या शिपाई भरतीची परीक्षा द्या, वर्दी मिळवा, पुढचं पुढे. माझी बदली पाचव्या बटालियनला झाली, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. गाव म्हणालं, बंदूक सोडून मढी उचलायला निघाला. आबा काही बोलले नाहीत, पण त्यांनाही ते आवडलं नव्हतं.

पहिला धडा वाऱ्याचा होता. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि पुढे जायचं नाही. टँकर उलटलाय, लोक ओरडतायत, आणि आपण लांब उभं राहून दुर्बिणीतून टँकरच्या पाटीवरचा चार आकडी नंबर वाचायचा. १०१७ म्हणजे क्लोरीन. १००५ म्हणजे अमोनिया. २०५५ म्हणजे स्टायरीन. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला जो वायू गळला तो स्टायरीन, आणि आमच्या बटालियनचं पथक त्यासाठी पुण्याहून विमानाने गेलं होतं. नंबर कळल्याशिवाय सूट ठरत नाही, सूट ठरल्याशिवाय माणूस जात नाही. मला हा वेळकाढूपणा वाटायचा. उस्ताद हिंदीत घोकून घ्यायचे, पहले अपनी सुरक्षा, फिर साथी की, फिर पीड़ित की. मी मनात म्हणायचो, हे उलटं आहे. ज्याला वाचवायला आलो तो तिसरा कसा?

पूर्ण बंद सूट घातला की जगाचा संबंध तुटतो. सिलिंडर आत पाठीवर, तोंडावर मास्क, कानात फक्त आपलाच श्वास. मे महिन्यात हातमोज्यांच्या बोटांत घाम साचतो आणि बोटं त्यात बुडतात. बोलणं ऐकू येत नाही, हातांच्या खुणा चालतात. हवा संपत आली की सिलिंडरची शिट्टी वाजते, ती वाजली की हातातलं काम कितीही अर्धं असो, मागे फिरायचं. बाहेर आलं तरी सूट आपल्या हाताने काढायचा नाही. धुण्याच्या जागी हात पसरून उभं राहायचं, दुसऱ्यांनी धुवायचं, दुसऱ्यांनी सोलायचं. धीर कशाला म्हणतात ते मी त्या धुण्याच्या जागी शिकलो.

मग वैद्यकीय प्रतिसादाचं शिक्षण. अनेक जखमी असले की आधी कुणाकडे बघायचं ते ठरवणारी लाल, पिवळी, हिरवी, काळी चिठ्ठी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळी चिठ्ठी लावून पुढच्याकडे जायचं. सरावात गावची पोरं जखमी होऊन पडतात, त्यातल्या एकाच्या गळ्यात काळी चिठ्ठी बांधताना माझा हात अडला होता. पोरगं हसत होतं.

आता एका टाकीची गोष्ट. कोकणातल्या एका एमआयडीसीत आम्ही रंगीत तालमीसाठी गेलो होतो. तालीम संपली, सामान ट्रकमध्ये चढवत होतो, तेवढ्यात शेजारच्या एका छोट्या कारखान्यातला माणूस धावत आला. सांडपाण्याच्या टाकीत तिघे पडले होते. पंपात अडकलेला गाळ काढायला एक जण उतरला, त्याला ओढायला दुसरा, आणि दोघांना बघून तिसरा. तिसरा ठेकेदाराकडचा, विशीतला. कारखान्यात वायू मोजायचं साधं यंत्रही नव्हतं.

टाकीचं तोंड अडीच फुटांचं. त्याच्या कडेला तिसऱ्याचा थोरला भाऊ पालथा पडून आत बघत होता आणि दोघांनी त्याचे पाय धरून ठेवले होते. मी वाकलो तसा तो म्हणाला, "साहेब, हलतोय तो. हात हलतोय, बघा." मी बघितलं. खरंच हलत होता.

आमच्यातला एक जवान, माझ्याच जिल्ह्यातला, कमरेचा पट्टा आवळत म्हणाला, "मी जातो. श्वास रोखतो, दोर लावतो आणि येतो." मी त्याच्या हार्नेसची पट्टी मुठीत धरली. सोडली नाही. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला ओळखीची होती, कारण काही वर्षांपूर्वी ती माझी होती.

मग आम्ही जे शिकलो ते केलं. मोजयंत्र दोरीला बांधून सोडलं, वर, मध्ये, तळाशी. मध्यावरच ते ओरडायला लागलं, तळाशी आकडा पट्टीच्या बाहेर गेला. ऑक्सिजन कमी. पेट घेणारा वायूही होता, म्हणजे साधी बॅटरी, साधा पंखा चालणार नव्हता. ब्लोअर लांब ठेवून पाइप सोडला. दोघांनी सिलिंडर-मास्कचे सेट चढवले, मास्क हाताने दाबून गळती तपासली. पाठीवरचा सिलिंडर त्या तोंडातून सरळ जाईना, अंग तिरकं करून उतरावं लागलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ तो भाऊ आत बघत एकेक सांगत होता. हलतोय. अजून हलतोय. साहेब, आता थांबला.

तिसऱ्यालाच आधी वर घेतलं, कारण तोच तोंडाखाली होता. नाडी लागली नाही. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, वायू आपल्यातही येतो, म्हणून अंबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास. त्याचे कपडे गाळाने जड झाले होते, कात्रीने कापले. १०८ची गाडी येईपर्यंत आणि गाडीतही आम्ही थांबलो नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिघांनाही मृत घोषित केलं.

काही महिन्यांनी तो भाऊ सुदुंबऱ्याच्या गेटवर आला. भांडायला आला असेल असं वाटलं, तसा आला नव्हता. "त्या वेळात तुम्ही काय काय करत होता, ते सांगा," म्हणाला. मी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं कोणतं सोडता आलं असतं?"

मी म्हणालो, कोणतंच नाही.

आजही माझं उत्तर तेच आहे. मोजलं नसतं तर पेट घेणाऱ्या वायूत ठिणगी गेली असती. हवा सोडली नसती तर खाली असलेल्याला तेवढाही श्वास मिळाला नसता. त्या जवानाची पट्टी सोडली असती तर चौथं माणूस काढायला लागलं असतं, आणि त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं? त्या जवानाने मला नंतर कधी दोष दिला नाही. त्याचं लग्न झालं, दोन मुली आहेत.

पण सीआरपीएफमधला तो जुना मी अजून गेलेला नाही. तो विचारतो, आत वायू आहे हे तीन माणसं पडलेली बघून कळलंच होतं, मग आधी सेट चढवून उतरायचं आणि मोजत राहायला वर दुसरा होता की. मी त्याला सांगतो, काय आहे हे कळणं आणि किती आहे हे कळणं यात फरक आहे. तो म्हणतो, हात हलत होता. मी सांगतो, तसे झटके बेशुद्धीतही येतात. तो म्हणतो, येतात, पण तेच होते हे तुला कुणी सांगितलं? इथे मी गप्प होतो.

कडेला उभं राहणाऱ्याला वाटतं, वर उभ्या माणसाला काहीच होत नाही. ढिगाऱ्यावरही हेच. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळली आणि दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. अशा कामात मधेमधे सगळी यंत्रं बंद करतात, सगळ्यांना गप्प करतात, खालून कण्हणं येतं का ते ऐकतात. त्या वेळी बघ्यांना वाटतं, काम थांबवलं. नातेवाईक ओरडतात, आणि त्यांच्या ओरडण्यात खालचा आवाज हरवतो. मी त्यांच्यावर चिडलोय, त्यांच्या तोंडावर चिडलोय. त्यांच्या जागी मी असतो तर ओरडलोच असतो, हेही खरं.

तेव्हा पुढच्या वेळी फोन कराल तर एवढं आधी करा. माणूस पडला की कुणालाही उतरू देऊ नका, लागलं तर धरून ठेवा, शिव्या खा. ११२ला फोन लावा. झाकणं असतील तितकी उघडा. वरूनच दोर किंवा गळ टाकून ओढता येतो का बघा. जवळ विडी-काडी नको. गटारात आणि सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, हे ठेकेदाराला ऐकवा.

आमच्या गावात गोबरगॅसच्या खड्ड्यांशिवाय स्लरीने भरलेल्या दोन जुन्या विहिरी आहेत. चार वायू मोजणारं एक यंत्र, एक ब्लोअर, तिपाई आणि दोर ग्रामपंचायतीने घ्यावेत असा अर्ज मी दिलाय. गेल्या ग्रामसभेत तो विषय शेवटी आला आणि तोवर लोक उठून गेले होते. सरपंच म्हणाले, "मेजर, असं कधी होतं का आपल्यात?" पुढच्या सभेत तो विषय पहिला घ्या म्हणून मी लेखी दिलंय, आणि त्या भावालाही बोलावलंय. तो येतो म्हणालाय.